धोक्याची घंटा आणि तिचे उत्तर : जहाजावरील अलार्म-व्यवस्थेचा धडा

यंत्र विकत घेताना आपण भाव विचारतो, हप्ते विचारतो, वॉरंटी विचारतो. पण यंत्र बिघडू लागले तर ते आपल्याला कसे कळवील आणि कळवल्यावर ऐकायला कोण असेल, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. समुद्रावरील जहाजांना मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. भर समुद्रात बाहेरचा मिस्त्री बोलावता येत नाही आणि आग लागली तर बंबही येत नाही. म्हणून जहाजावर धोक्याची सूचना देणाऱ्या व्यवस्थेचे, म्हणजे अलार्मचे, एक पूर्ण शास्त्र तयार झाले आहे. त्या शास्त्राचे सार एवढेच की, घंटा वाजली म्हणजे काम झाले असे नव्हे. घंटेला माणसाने उत्तर दिले म्हणजे काम झाले.

आपल्या समाजाचे समुद्राशी नाते जुने आहे. कोकणातील मुस्लिम वस्त्यांत नाखुदा, सारंग हे जहाजावरचे हुद्दे आडनावे होऊन बसले आहेत. आजही रत्नागिरी-रायगडकडील कितीतरी घरांची चूल जहाजावरच्या पगारावर पेटते. शिवाय आपले अनेक तरुण वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, फिटर आहेत. त्यांना हे काम उपयोगाचे आहे. आणि ज्याच्याकडे चार लूम, एक भट्टी किंवा एक शीतगृह आहे, त्यालाही यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

रिकामी इंजिनरूम

पूर्वी इंजिनरूममध्ये रात्रंदिवस माणसे उभी असत. हात लावून बेअरिंग गरम आहे का पाहात, कान देऊन आवाज ओळखत. आज मोठ्या मालवाहू जहाजावर सगळी मिळून वीस-पंचवीस माणसे असतात आणि अनेक जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणीच नसते. माणसाच्या जागी सेन्सर बसवलेले असतात. कोणी तापमान मोजतो, कोणी वंगणतेलाचा दाब, कोणी टाकीची पातळी, कोणी इंजिनाचे फेरे. अशी मोजमापाची ठिकाणे शेकड्यांनी असतात, मोठ्या जहाजावर हजाराच्याही वर जातात.

प्रत्येक मोजमापाला एक हद्द ठरवलेली असते. हद्द ओलांडली की कंट्रोलरूममध्ये दिवा लुकलुकतो, भोंगा वाजतो आणि वेळेसह नोंद होते. रात्री हीच सूचना पाळीवर असलेल्या इंजिनीयरच्या केबिनमध्ये वाजते. तो उठून खाली जातो. ठरावीक वेळात त्याने उत्तर दिले नाही, तर बाकीच्या इंजिनीयरांना उठवणारी दुसरी घंटा आपोआप सुरू होते. जहाजांच्या सुरक्षिततेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. माणसाविना इंजिनरूम चालवायची असेल तर ही सोय असलीच पाहिजे, असे त्यात बंधन आहे. एक माणूस झोपला किंवा घसरून पडला, तरी सूचना वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

वायर तुटली तरी कळले पाहिजे

अलार्मच बिघडला तर काय? बिघडलेला अलार्म गप्प बसतो आणि गप्प बसणे हे सगळे ठीक असल्यासारखे दिसते. म्हणून करारात आणखी एक बंधन आहे. अलार्म-व्यवस्थेने स्वतःवरही नजर ठेवली पाहिजे.

आपल्या कारागिरांना हे लूमच्या उदाहरणाने चटकन कळेल. साध्या लूमवरचा वेफ्ट फोर्क कसा काम करतो? आडवा धागा म्हणजे बाणा जागेवर असतो तोवर तो काट्याला ढकलून धरतो आणि लूम चालू राहतो. धागा तुटला की काट्याला ढकलणारे कोणी उरत नाही, काटा अडकतो आणि लूम थांबतो. म्हणजे धागा ‘मी आहे’ असे प्रत्येक फेऱ्याला सांगत असतो. त्याचे सांगणे थांबले की तोच इशारा समजायचा. जपानच्या साकिची टोयोडा यांच्या १९२४ सालच्या स्वयंचलित लूममध्ये हेच तत्त्व पुढे नेले होते. धागा तुटताच लूम आपोआप थांबे, त्यामुळे एक कामगार अनेक लूम सांभाळू शके.

जहाजावर हेच तत्त्व विजेने पाळले जाते. पुष्कळशा सेन्सरच्या वायरीतून ४ ते २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. सर्वांत कमी वाचनालाही ४ मिलिअँपिअर असतातच. प्रवाह खरोखर शून्य झाला, तर टाकी रिकामी झाली असे न समजता वायर तुटली असे समजले जाते आणि तशी वेगळी सूचना येते. आपल्या वायरमन तरुणांनी हा मुद्दा मनात पक्का करावा. बिघाड झाल्यावर जी घंटा गप्प बसते, ती घंटा बसवूच नये.

सगळ्या सूचना सारख्या नसतात

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००९ साली सूचनांविषयीची नियमावली नव्याने मंजूर केली. तिच्यात चार दर्जे आहेत.

पहिला दर्जा आणीबाणीच्या अलार्मचा. माणसांच्या जिवाला किंवा जहाजाला तत्काळ धोका आहे, क्षणाचाही विलंब नको. सर्वांना एकत्र बोलावणारा जहाजाचा भोंगा यातच येतो. सात किंवा अधिक छोटे आवाज आणि मागोमाग एक लांब आवाज, असा तो असतो.

दुसरा दर्जा अलार्मचा. लगेच लक्ष द्या, लगेच हात चालवा. मुख्य इंजिनाच्या वंगणतेलाचा दाब घसरणे हे याचे उदाहरण.

तिसरा दर्जा वॉर्निंगचा. आत्ता धोका नाही, पण दुर्लक्ष केले तर पुढे धोका होऊ शकतो.

चौथा दर्जा कॉशनचा. नेहमीपेक्षा काही वेगळे आहे, ध्यानात असू द्या.

हे दर्जे जपणे सोपे नाही. यंत्र पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपलीच सूचना सर्वांत महत्त्वाची वाटते. पण दुकानातल्या प्रत्येक मालावर ‘खास माल’ अशी चिठ्ठी लावली, तर गिऱ्हाइकाला खास माल कोणता ते कळणारच नाही. ब्रिटनमधील यंत्रसामग्री वापरणाऱ्या उद्योगांच्या संघटनेने १९९९ साली एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात सुचवले आहे की शंभर सूचनांपैकी सुमारे ८० खालच्या दर्जाच्या, १५ मधल्या आणि फक्त ५ वरच्या दर्जाच्या असाव्यात. शांत वेळी एका माणसाकडे सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त सूचना येऊ नये, असाही हिशेब तिने दिला. हा हिशेब किनाऱ्यावरच्या कारखान्यांसाठी असला तरी जहाजावरच्या माणसाचे कान आणि डोके काही वेगळे नसते.

गप्प करणे वेगळे, दुरुस्त करणे वेगळे

पॅनेलवर दोन बटणे असतात आणि नवा माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. एका बटणाने आवाज बंद होतो. दुसऱ्याने ‘सूचना मला कळली, मी जबाबदारी घेतली’ अशी पोच दिली जाते. पोच दिल्यावर लुकलुकणारा दिवा स्थिर होतो, पण विझत नाही. बिघाड दूर होईपर्यंत तो जळत राहतो. नियमाचा हेतू स्पष्ट आहे. कानाला आराम मिळाला म्हणून डोळ्याने विसरू नये.

पोच देणे म्हणजे अमानत स्वीकारणे होय. उधारीच्या वहीवर सही केल्यावर देणे फिटत नाही, देणे अंगावर येते. पोचेचे बटणही तसेच आहे.

घंटांचा पूर

कमी सूचनांपेक्षा कधी कधी जास्त सूचना घातक ठरतात. याचे गाजलेले उदाहरण जहाजावरचे नसून वेल्समधील मिलफोर्ड हेवन या बंदराच्या गावातल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे आहे. तेथे २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या ११ मिनिटांत कंट्रोलरूममधील दोन माणसांपुढे २७५ अलार्म आले. म्हणजे मिनिटाला २५. त्यांतून कामाचा अलार्म कोणी कसा शोधावा? वर सांगितलेली १९९९ची मार्गदर्शिका अशाच अनुभवांतून आली.

जहाजावर असा पूर वीज गेल्यावर येतो. कारण एकच, जनरेटर बंद पडला. पण त्यामुळे पंप थांबतात, दाब घसरतात, पंखे थांबतात आणि प्रत्येकाची घंटा वाजते. यावर तीन उपाय केले जातात. पहिला, कोणती सूचना सर्वांत आधी आली ते वेगळे दाखवणे, कारण रोगाचे मूळ बहुधा तेथेच असते. दुसरा, परिणामांच्या सूचना रोखणे. इंजिन मुद्दाम बंद केले असेल तर त्याचा तेलदाब कमी आहे अशी घंटा वाजण्यात अर्थ नाही. तिसरा, थोडा विलंब ठेवणे. जहाज हेलकावे खाते तेव्हा टाकीतले तेल डावीउजवीकडे जाते आणि पातळीचा सेन्सर क्षणाक्षणाला ओरडतो. काही सेकंद पातळी खालीच राहिली तरच घंटा वाजावी, अशी जुळणी करतात.

पण हा विलंब आणि ही रोख दुधारी आहे. ती किती ठेवायची हे ज्याला यंत्र कळते त्यानेच ठरवावे, ज्याला आवाजाचा कंटाळा आला आहे त्याने नव्हे. पुढच्या तीन घटना पाहिल्या म्हणजे हे पटेल.

तीन घटना, तीन गफलती

पहिली घटना १९९५ची. ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून अमेरिकेतील बोस्टनला निघाले होते. जहाजावर १५०९ माणसे होती. निघाल्यावर थोड्याच वेळात उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्राच्या अँटेनाची केबल सुटली. यंत्राने वेग आणि दिशा यांवरून केवळ अंदाजाने जागा दाखवायला सुरुवात केली. त्याने सूचना दिली, पण ती मनगटी घड्याळासारखी, सेकंदभराची चिवचिव होती. पडद्यावरही बारीक अक्षरे तेवढी बदलली. सुमारे ३४ तास जहाज अंदाजावर चालत राहिले. १० जूनच्या रात्री ते ठरलेल्या मार्गापासून सुमारे १७ मैल बाजूला जाऊन नँटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतले. पाण्याची खोली कमी झाल्यास वाजणारा दुसरा अलार्म होता, पण त्याची हद्द शून्य मीटरवर ठेवलेली होती. म्हणजे तळ लागल्यावरच तो वाजणार. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. येथे गफलत होती ती दुबळ्या सूचनेची.

दुसरी घटना २०१०ची. मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खोदणाऱ्या ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या फलाटावर २० एप्रिल रोजी स्फोट झाला आणि ११ जण ठार झाले. त्यावरील इलेक्ट्रॉनिक्सच्या मुख्य तंत्रज्ञाने चौकशीत साक्ष दिली की आग आणि वायूची सार्वत्रिक घंटा आपोआप वाजू नये अशी रोखून ठेवली होती. खोट्या घंटेने पहाटे तीनला लोकांची झोप मोडू नये, हे कारण त्याने सांगितले. सेन्सर सूचना देत होते, ती संगणकावर दिसत होती, पण झोपलेल्या माणसाच्या कानापर्यंत जाण्याची तिची वाट अडवलेली होती. एवढ्या मोठ्या अपघाताची कारणे अनेक होती, हे खरे. तरी अलार्मच्या बाबतीत गफलत ही की घंटा खोटी वाजते म्हणून सेन्सर दुरुस्त करण्याऐवजी घंटाच रोखली गेली.

तिसरी घटना २३ मार्च २०१९ची. ‘व्हायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज १३७३ माणसांसह नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून वादळात चालले होते. चार जनरेटरांपैकी एक आधीच नादुरुस्त होता. पहाटे पाचपासून नऊपर्यंत वंगणतेल कमी असल्याच्या १८ सूचना आल्या. प्रत्येकीला पोच दिली गेली. प्रत्येक सूचना काही सेकंदांत आपोआप नाहीशी झाली, म्हणून ती हेलकाव्यांमुळे आली असे समजले गेले. समज अर्धा खरा होता. हेलकावे होतेच, पण टाक्यांमध्ये तेलही शिफारशीपेक्षा बरेच कमी होते. दुपारी दोनच्या सुमारास तेलाचा दाब जाऊन उरलेले तिन्ही जनरेटर बंद पडले आणि जहाज खडकांकडे वाहू लागले. नांगर टाकून आणि इंजिने पुन्हा सुरू करून खलाशांनी ते वाचवले, पण खडक अगदी जवळ आले होते. ४७९ प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. येथे सूचना मोठ्याने आली, खरी आली, अठरा वेळा आली. तिला पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

एकदा आलेली आणि गेलेली सूचना योगायोग असू शकते. तीच सूचना तिसऱ्यांदा आली तर ती तक्रार समजावी आणि जाऊन तेल मोजावे.

माणसावर नजर ठेवणारी घंटा

यंत्रावर माणसाची नजर असते, तशी माणसावर यंत्राची नजर ठेवण्याचीही सोय जहाजावर आहे. जहाज चालवण्याच्या वरच्या खोलीला ब्रिज म्हणतात. तेथे पाळीवरचा अधिकारी जागा आहे की नाही हे तपासणारी घंटा असते. ठरवलेल्या वेळात, जो ३ ते १२ मिनिटांच्या दरम्यान असतो, त्याने बटण दाबले नाही तर आधी दिवा लागतो. १५ सेकंदांत उत्तर आले नाही तर ब्रिजवर घंटा वाजते. आणखी १५ सेकंदांनी कप्तान किंवा राखीव अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये वाजते. त्यानंतरही साधारण ९० सेकंदांत कोणी उत्तर दिले नाही, तर इतरांना उठवले जाते. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला, अशी ही साखळी आहे. धंद्यातही जबाबदारीची साखळी अशीच बांधलेली असावी.

कारखान्यात काय करावे

जहाजावर जे नियम पाळले जातात, ते आपल्या शेडमध्ये किंवा दुकानात पाळायला फार खर्च लागत नाही.

१. आपल्याकडे किती घंटा, दिवे आणि बजर आहेत त्यांची यादी करा. बॉयलर, कॉम्प्रेसर, इन्व्हर्टर, शीतगृहाचे तापमान, धुराचा सेन्सर, सगळे लिहा. प्रत्येकापुढे ती वाजल्यावर कोणी काय करायचे ते एका ओळीत लिहा. ज्या घंटेपुढे काही लिहिता येत नाही, तिची जागा बदला किंवा ती काढून टाका.

२. ठरलेल्या दिवशी प्रत्येक घंटा मुद्दाम वाजवून पाहा. नुसते बटण दाबून भागत नाही. सेन्सरपासून कानापर्यंतची पूर्ण वाट तपासली पाहिजे.

३. खोटी वाजणारी घंटा आठवड्याच्या आत दुरुस्त करा. चिकटपट्टी लावून किंवा वायर काढून तिचे तोंड बंद करू नका. चार वेळा खोटी वाजलेली घंटा पाचव्यांदा खरी वाजली, तर कारागीर जागेवरून उठत नाही. यात कारागिराचा दोष कमी आणि मालकाचा जास्त असतो.

४. दुरुस्तीसाठी एखादी घंटा बंद ठेवावीच लागली, तर वहीत लिहा: कोणी बंद केली, किती वाजता, कशासाठी आणि पुन्हा कधी सुरू करणार. तोवर तेथे माणूस बसवा.

५. पाळी बदलताना आलेल्या सूचना तोंडी आणि लेखी सांगा. रात्रपाळीला तीनदा वाजलेली घंटा दिवसपाळीला माहीत नसेल, तर ती पुन्हा पहिल्यांदाच वाजल्यासारखी होते.

६. हद्द बदलण्याचा अधिकार एकाच जाणत्या माणसाकडे ठेवा.

७. घंटा वाजल्याचे सांगायला आलेल्या मुलाला झिडकारू नका. उत्पादन थांबले म्हणून मालक ओरडला, तर पुढच्या वेळी तो मुलगा गप्प बसेल, आणि गप्प बसलेला माणूस हा सर्वांत महागडा बिघाड आहे.

सातवा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हदीसच्या बुखारी या संग्रहात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेला एका जहाजाचा दाखला आला आहे. खालच्या मजल्यावरच्या लोकांना पाण्यासाठी वरून जावे लागे, म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडायचे मनात आणले. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले असते तर सगळेच बुडाले असते. हात धरला असता तर सगळेच वाचले असते. हा दाखला समाजाच्या जबाबदारीविषयी आहे. तरी कारखान्याच्या मालकाने तो आपल्या शेडला लावून पाहावा. धोका दिसणे आणि धोका थोपवणे ही दोन्ही कामे झाली तरच जहाज तरते.

तरुणांसाठी दोन शब्द

जहाजावरील वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर म्हणतात. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० साली मनिला येथे दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून या पदाला स्वतंत्र प्रमाणपत्राचा दर्जा मिळाला. सेन्सर तपासणे, अलार्मच्या हद्दी जुळवणे, वायरीतला दोष शोधणे हे त्याच्या रोजच्या कामात येते. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांनी या वाटेची चौकशी जरूर करावी. मात्र प्रवेश शासनमान्य संस्थेतच घ्यावा आणि नोकरीसाठी शासनाचा परवाना असलेल्या कंपनीकडेच जावे. परवाना दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या दलालाच्या हाती आईवडिलांची पुंजी देऊ नये. तोही एक अलार्मच आहे, आणि तो ऐकू येण्यासाठी कुठला सेन्सर लागत नाही.

हा लेख वाचून झाल्यावर आपल्या शेडमध्ये एक फेरी मारा. कोणता दिवा कित्येक दिवसांपासून लाल आहे आणि कोणालाच त्याचे काही वाटत नाही, ते पाहा. सुरुवात त्या दिव्यापासून करा.